शाळेतला खेळाडू घ्यावा की कॉलेजमधला? कागदी कबड्डी लीगमधून संभाव्यतेचा पाठ



दहावीच्या गणितात 'संभाव्यता' हे प्रकरण आहे. नाणं उडवा, फासा टाका, पत्त्यांच्या कॅटमधून पत्ता काढा, अशी उदाहरणं मुलं सोडवतात. गुणही मिळवतात. पण ही गोष्ट आपल्या घरातल्या निर्णयांनाही लागू पडते हे त्यांना जाणवत नाही. खरं सांगायचं तर आपल्यालाही जाणवत नाही.

मला ते जाणवलं एका पालकांमुळे. भाटघर धरणाच्या काठच्या एका गावातले हे पालक दहावीची परीक्षा जवळ आलेली असताना शाळेत आले. म्हणाले, "मॅडम, पोरगं कबड्डीत लई पुढं आहे. पुण्यात एक अकॅडमी आहे. ते म्हणत्यात, आत्ताच पाठवा, दोन वर्षांत नाव काढंल. अकरावी-बारावी मागनं बघू. तुमचं काय मत?"

माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. "पाठवू नका" म्हणणं सोपं होतं, पण मुलगा खरंच चांगला खेळतो. आपल्या भोर-वेल्ह्याच्या गावांमध्ये कबड्डी म्हणजे नुसता खेळ नाही, जत्रेतला मान आहे. मी त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत वर्गात जो खेळ खेळलो, त्याचा हा पाठ.

हा प्रश्न जुनाच आहे

सतरा-अठरा वर्षांचा होतकरू मुलगा आत्ताच उचलावा, की तो कॉलेजात तीन-चार वर्षं खेळून तयार होईपर्यंत थांबावं? या प्रश्नावर जगात सगळ्यात जास्त डोकं कुणी लावलं असेल, तर ते अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी. तिथे १९६५पासून दरवर्षी 'ड्राफ्ट' होतो. ड्राफ्ट म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडणं. आपल्याकडच्या लिलावासारखी त्यात बोली नसते. ज्याची पाळी, त्याने एक नाव घ्यायचं. हायस्कूल संपवलेला अठरा वर्षांचा मुलगाही त्यात असतो आणि कॉलेजात तीन वर्षं खेळलेला एकवीस वर्षांचाही. एकदा मुलगा चार वर्षांच्या कॉलेजात गेला, की तिसरं वर्ष पूर्ण होईपर्यंत किंवा एकविसावं लागेपर्यंत त्याला पुन्हा निवडता येत नाही. म्हणजे संघाला ठरवावंच लागतं, आत्ता की नंतर.

बिली बीन या मुलाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८०मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने त्याला पहिल्याच फेरीत, तेविसाव्या क्रमांकावर निवडलं. त्याला स्टॅनफर्ड विद्यापीठात जाता येत होतं. ते सोडून त्याने करारावर सही केली. उंच, चपळ, सगळ्यांच्या मते हिरा. पण मोठ्या लीगमध्ये तो एकूण १४८ सामने खेळला आणि थांबला. पुढे तोच ऑकलंड संघाचा व्यवस्थापक झाला आणि त्याने कॉलेजमध्ये खेळून आकडे सिद्ध केलेल्या मुलांवर भर दिला. २००३मध्ये त्यावर 'मनीबॉल' हे पुस्तक आलं, २०११मध्ये सिनेमा आला. त्याच्याही आधी, १९८०च्या दशकात, बिल जेम्स या आकड्यांच्या अभ्यासकाने जुने ड्राफ्ट तपासून दाखवलं होतं की संघ शाळकरी मुलांना वाजवीपेक्षा जास्त भाव देतात आणि कॉलेजवाले जास्त परतावा देतात.

मग प्रश्न सुटला का? नाही. ऑकलंडने ज्या २००२च्या ड्राफ्टमध्ये कॉलेजवाल्यांवर भर दिला, त्याच ड्राफ्टमध्ये इतर संघांनी झॅक ग्रिंकी, प्रिन्स फील्डर, कोल हॅमल्स ही शाळेतली मुलं घेतली आणि ती मोठी झाली. २००९मध्ये सतरा वर्षांचा माइक ट्राउट पंचविसाव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या आधी चोवीस नावं घेतली गेली होती! पुढे तो तीन वेळा आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

अमेरिकेत हौशी लोक हाच खेळ कागदावर आणि संगणकावर खेळतात. १९६१मध्ये 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' नावाचा कार्ड आणि फाशांचा बेसबॉल निघाला. १९९९मध्ये 'आउट ऑफ द पार्क' हा संगणकावरचा निघाला. त्यात तुम्ही संघाचे मालक असता, वर्षानुवर्षं संघ चालवता आणि दर ड्राफ्टला तोच पेच येतो. मी या कल्पनेला आपल्या मातीतली कबड्डी जोडली.

कागदी लीग: साहित्य आणि नियम

साहित्य अगदी साधं: दोन रंगांचे कार्डपेपर, प्रत्येक गटाला एक फासा, वही-पेन. वर्गाचे सहा गट करा. प्रत्येक गट म्हणजे एक संघ. कबड्डीच्या सात जणांपैकी कप्तान सगळ्यांचा सारखाच धरायचा. उरलेल्या सहा जागा ड्राफ्टमधून भरायच्या.

निळं कार्ड म्हणजे शाळेतला खेळाडू, वय १७. तो तीन हंगाम तयारी करतो, खेळत नाही. मग एकदाच फासा टाकायचा.
१, २ किंवा ३ पडला: तो मोठ्या पातळीवर टिकला नाही, दर हंगामाला ० गुण.
४ किंवा ५ पडला: दर हंगामाला ५ गुण.
६ पडला: तारा निघाला, दर हंगामाला १२ गुण.

लाल कार्ड म्हणजे कॉलेजमधला खेळाडू, वय २१. तो एकच हंगाम तयारी करतो. मग फासा.
१ किंवा २: दर हंगामाला २ गुण.
३, ४ किंवा ५: दर हंगामाला ४ गुण.
६: दर हंगामाला ६ गुण.

आणखी एक नियम. गावात कुणीही 'साधा खेळाडू' कधीही फुकट मिळतो, तो दर हंगामाला २ गुण देतो. तुमचा खेळाडू तयारी करत असताना त्याच्या जागी हा साधा खेळाडू खेळतो. तुमचं कार्ड ० निघालं तर ते बाजूला टाकून त्याच्या जागी साधा खेळाडू घ्यायचा.

हे आकडे मी ठरवलेले आहेत, कुठल्या खऱ्या लीगचे नाहीत. शाळकरी मुलाबद्दल आपल्याला कमी माहिती असते म्हणून त्याचा पल्ला दोन्ही बाजूंनी मोठा, आणि कॉलेजवाल्याबद्दल जास्त माहिती असते म्हणून त्याचा पल्ला लहान, एवढंच त्यातून दाखवायचं आहे.

एक सूचना. मुलांना मोबाइलवरचे संघ बनवायचे खेळ माहीत असतात. ऑगस्ट २०२५मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा झाला, हेही काहींना ठाऊक असतं. आपल्या खेळात पैसे नाहीत, बक्षीस नाही, हे पहिल्यांदाच स्पष्ट सांगा.

फासा टाकण्याआधी हिशोब

मुलांना लगेच फासे देऊ नका. आधी विचारा, "कोणतं कार्ड चांगलं?" माझ्या वर्गात बहुतेकांनी निळं म्हटलं, कारण बारा गुण दिसतात. मग फळ्यावर हिशोब मांडा. फाशाच्या सहाही बाजू एकेकदा पडल्या असं धरू.

सहा निळी कार्डं: ० + ० + ० + ५ + ५ + १२ = २२
सहा लाल कार्डं: २ + २ + ४ + ४ + ४ + ६ = २२

दोन्ही सारखीच! मुलं इथे चक्रावतात. सरासरी तीच, फक्त पसरट वेगळा. एकीकडे शून्य ते बारा, दुसरीकडे दोन ते सहा. 'सरासरी सारखी म्हणजे गोष्ट सारखी' हा गैरसमज इथेच फोडता येतो.

आता साधा खेळाडू आणा. निळ्यातली तीन शून्यं टाकून त्या जागी दोन-दोन गुणांचे खेळाडू घेतले, तर निळ्यांची बेरीज २ + २ + २ + ५ + ५ + १२ = २८ होते. लाल तशीच, २२. म्हणजे नापास कार्ड टाकून देण्याची सोय असेल, तर जोखमीचं कार्ड फायद्याचं ठरतं. वाईट निकालाचा फटका तुम्ही बसूच देत नाही आणि चांगला निकाल मात्र पूर्ण घेता.

पण निळ्याला तीन हंगाम थांबावं लागतं. थांबण्याच्या काळात सहा साधे खेळाडू दर हंगामाला १२ गुण देतात. मग लीग किती हंगामांची, त्यावर उत्तर बदलतं:

४ हंगामांची लीग: निळी ६४, लाल ७८
६ हंगामांची लीग: निळी १२०, लाल १२२
१० हंगामांची लीग: निळी २३२, लाल २१०

पडताळून पाहा. दहा हंगामांत निळ्यांचे पहिले तीन हंगाम ३ × १२ = ३६, पुढचे सात ७ × २८ = १९६, एकूण २३२. लाल कार्डांचा पहिला हंगाम १२, पुढचे नऊ ९ × २२ = १९८, एकूण २१०. बाकीच्या दोन ओळी मुलांकडूनच काढून घ्या. नेमक्या कितव्या हंगामाला निळी पुढे जातात, हेही शोधायला सांगा. उत्तर सातव्याला येतं.

म्हणजे 'शाळेतला की कॉलेजमधला' याचं एकच उत्तर नाही. ज्याला यंदा-पुढच्या वर्षी जिंकायचं आहे त्याने लाल घ्यावं. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने निळं घ्यावं.

वर्गात काय घडलं

हिशोबानंतर फासे दिले. दहा हंगामांची लीग. एका गटाने सहाच्या सहा निळी घेतली, एका गटाने सगळी लाल, बाकीच्यांनी मिसळ.

सगळी निळी घेणाऱ्या गटाला एकही सहा पडला नाही. पोरं रडकुंडीला आली. "मॅडम, हिशोब चुकला!" हिशोब चुकला नव्हता. एका फाशात सहा न पडण्याची संभाव्यता ५/६. सहा वेळा लागोपाठ सहा न पडण्याची संभाव्यता ५/६ सहा वेळा गुणून येते, साधारण ०.३३. म्हणजे सगळी निळी घेणाऱ्या तीन गटांपैकी एकाला ताराच मिळणार नाही. सरासरी २३२ आहे म्हणून आपल्या वाट्याला २३२ येतीलच असं नाही. हे पुस्तकातून सांगून कळत नाही. हरल्यावर बरोबर कळतं.

मिसळ घेणारे गट ना पहिले आले ना शेवटचे. त्यातल्या एका मुलीने छान सांगितलं, "आम्ही लाल भातासारखं धरलं आणि निळं भाजीपाल्यासारखं. भात पोटापुरता येतोच, भाजीपाल्याला भाव मिळाला तर मिळाला." शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला जोखीम वाटून घेणं कुणी शिकवावं लागत नाही, तिला फक्त गणितातलं नाव द्यायचं असतं.

टाकून दिलेल्या कार्डाचं काय?

आता या पाठातला माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग. दुसऱ्या दिवशी बाकाखाली टाकलेली निळी कार्डं गोळा करताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, ही टाकून दिलेली पोरं कुठं जातात?"

वर्ग हसला. मी हसू शकले नाही. कारण आमच्या हिशोबातला सगळा फायदा तिथूनच आला होता. निळी कार्डं २२ची २८ झाली, ती तीन कार्डं टाकून देता आली म्हणून. मालकाच्या हातात सहा कार्डं असतात. तीन गेली तरी एक तारा सगळं भरून काढतो. पण त्या कार्डावरच्या मुलाच्या हातात एकच कार्ड आहे, स्वतःचं. त्याला सरासरी मिळत नाही. त्याचा फासा एकदाच पडतो.

मग आम्ही मुलांच्याच सूचनेने एक नवा नियम केला. टाकून दिलेल्या प्रत्येक कार्डाच्या शिक्षणासाठी मालकाने दर हंगामाला १ गुण द्यायचा. सहा निळ्यांत सरासरी तीन टाकली जातात, सात हंगाम त्यांचा खर्च, म्हणजे ३ × ७ = २१ गुण. २३२मधून २१ गेले, उरले २११. लाल २१०. दहा हंगामांच्या लीगमध्येही निळ्यांचा फायदा जवळजवळ संपला!

फळ्यावर २११ आणि २१० शेजारी शेजारी आले तेव्हा वर्गाला समजावून सांगावं लागलं नाही. लहान वयात मुलं उचलण्यातला नफा बराचसा यातून येतो की न टिकलेल्या मुलांचा खर्च दुसरं कुणीतरी उचलतं. ते दुसरं कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा त्याचे आईबाप.

अमेरिकेत याची थोडी सोय आहे. शाळेतून थेट करार करणाऱ्या मुलाला, पुढे कॉलेजला गेल्यास शिक्षणाचा खर्च संघाने द्यायचा, असं कलम करारात घालून घेता येतं. म्हणजे आमच्या वर्गाने शोधलेला नियम अगदीच स्वप्नातला नव्हता.

आपल्या मैदानावरची कार्डं

मुलांना विचारा, फेब्रुवारी १९८८मध्ये तुम्ही मालक असता तर कोणतं कार्ड घेतलं असतं? मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या दोन मुलांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. धावा कांबळीच्या जास्त. आणि पॅड बांधून आपल्या पाळीची वाट बघत बसलेला तिसरा मुलगा होता अमोल मुजुमदार.

सचिनचं पुढे काय झालं हे सांगायला नको. कांबळी १७ कसोटी खेळला, सरासरी ५४च्या वर, आणि शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो २३ वर्षांचा होता. मुजुमदारने १९९३-९४च्या हंगामात रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त धावा जमवल्या, पण भारतासाठी एकही सामना खेळायला मिळाला नाही. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक हाच अमोल मुजुमदार होता. एकाच शाळेतली तीन कार्डं. त्या दिवशी कुणाला ती वाचता आली असती?

दुसरं उदाहरण २००८चं. आयपीएलच्या पहिल्या वर्षी १९ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा ड्राफ्ट झाला. दिल्लीच्या संघाने दिल्लीचाच विराट कोहली सोडून डावखुरा गोलंदाज प्रदीप सांगवानला घेतलं आणि कोहली बंगळुरूकडे गेला. आज आपण हसतो. पण दिल्लीकडे सेहवाग आणि गंभीर होते, त्यांना गोलंदाज हवा होता. त्यावेळच्या माहितीवर तो निर्णय मूर्खपणाचा नव्हता. निर्णय चांगला होता की वाईट आणि निकाल चांगला लागला की वाईट, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मुलांच्या वहीत हे वाक्य जरूर लिहून घ्या.

तिसरं आपल्या घरचं, पुणेरी पलटणचं. १ मार्च २०२४ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणने पहिल्यांदा प्रो कबड्डीचं विजेतेपद मिळवलं. कप्तान होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते अशा तरुणांना पलटणने हंगामामागून हंगाम खेळवलं आणि त्यांच्या जोडीला इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २.३५ कोटी देऊन आणलं. आमच्या वर्गातल्या भात-भाजीपाल्याच्या हिशोबापासून हे फार दूर नाही. आणि लक्षात घ्या, यातला कुणी दहावीतून उचललेला नव्हता. अस्लम लीगमध्ये आला तेव्हा विशी ओलांडलेला होता.

आजची उंची म्हणजे उद्याचा खेळ नव्हे

शाळकरी मुलांचा पल्ला इतका मोठा का, तर त्या वयात आपण प्रतिभा मोजतो असं समजून बऱ्याचदा फक्त वाढ मोजत असतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८०च्या दशकात आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा पाहिल्या. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले खेळाडू खूप जास्त निघाले. कारण तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. एकाच गटात जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. दहाव्या-बाराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे चांगली चार बोटं उंची आणि अंगात जोर. तो निवडला जातो, त्याला सराव जास्त मिळतो, आणि मग तो खरंच पुढे जातो.

ही चूक मी स्वतः केली आहे. पूर्वीच्या एका शाळेत १४ वर्षांखालचा कबड्डी संघ निवडताना मी आणि सहकाऱ्याने अंगापिंडाने भरलेली मुलं घेतली. एक काटकुळा मुलगा रोज मैदानावर यायचा, त्याला "पुढच्या वर्षी" म्हणून सांगितलं. दहावीपर्यंत तो सगळ्यांपेक्षा उंच झाला. पण तोवर त्याने मैदानावर येणं सोडलं होतं. आम्ही एक कार्ड टाकून दिलं होतं, फासा पडायच्या आधीच.

म्हणून एक छोटा उपक्रम. तुमच्या शाळेच्या संघातल्या मुलांचे जन्ममहिने फळ्यावर लिहा, तीन-तीन महिन्यांचे चार गट करा आणि स्तंभालेख काढा. मुलांची संख्या कमी असल्यामुळे त्यातून लगेच निष्कर्ष काढू नका, तालुक्यातल्या चार-पाच शाळांनी मिळून केलं तर मजा येईल. आणि राखीव मुलांना सरावातून कधीच काढू नका. शाळा म्हणजे काही संघमालक नाही, तिच्याकडे कार्ड टाकायची सोय असूच नये.

पालकांसाठी: सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

अकॅडमी वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पण तिथे गेल्यावर हे विचारा:

१. मागच्या पाच वर्षांत किती मुलं घेतली आणि त्यातली किती राज्य पातळीवर खेळली? फक्त भिंतीवरचे फोटो बघू नका. फोटो ताऱ्यांचे असतात, टाकून दिलेल्या कार्डांचे नसतात.
२. मुलगा जखमी झाला तर उपचाराचा खर्च कुणाचा?
३. दोन वर्षांनी निवड झाली नाही तर पुढे काय? त्यावेळी त्याच्या हातात कोणती मार्कशीट असेल?
४. अकरावी-बारावी चालू ठेवायला वेळ देणार का? लेखी देणार का?

चौथ्या प्रश्नाला "जमणार नाही" असं उत्तर आलं तरी रस्ते संपत नाहीत. बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत खेळ आणि शिक्षण दोन्ही चालतं, तिथल्या निवड चाचण्यांची चौकशी करा. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण नोकरीसाठी खेळाच्या प्रमाणपत्राबरोबर शिक्षणाचं प्रमाणपत्रही लागतंच. म्हणजे शिक्षण चालू ठेवणं हे खेळावरचा अविश्वास नाही. आमच्या लीगच्या भाषेत सांगायचं तर तो मुलाने स्वतःसाठी राखून ठेवलेला दोन गुणांचा साधा खेळाडू आहे. तो जवळ असला की मग जोखीम घ्यायला हरकत नाही.

आठ दिवसांनी

ते पालक ठरल्याप्रमाणे आले. मी उपदेश केला नाही. स्टाफरूमच्या टेबलावर सहा निळी कार्डं मांडली आणि फासा त्यांच्या हातात दिला. त्यांनी सहा वेळा टाकला. एक सहा पडला, खूश झाले. मग मी पाच कार्डं बाजूला केली, एकच ठेवलं आणि म्हटलं, "भाऊ, अकॅडमीकडं अशी सहा आहेत. तुमच्याकडं हे एकच. आता टाका."

त्यांनी फासा हातात धरला, पण टाकला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे पाठवायचं नाही का?"

"पाठवा की. पण फासा पडल्यावर पोराच्या हातात दुसरं काही राहील, असं बघून पाठवा."

मुलगा आता भोरच्या कॉलेजात अकरावीला आहे. सुट्टीत पुण्याला सरावाला जातो. तो तारा होईल की नाही, मला माहीत नाही, आणि या पाठाचा मुद्दाही तो नाही. भाटघरचं धरण यंदा भरेल की नाही हे आषाढाआधी कुणाला सांगता येतं? तरी पाऊस किती पडेल ते बघू म्हणून रोपं टाकायचं कुणी थांबत नाही, आणि घरातलं सगळं धान्य बियाणं म्हणून कुणी पेरूनही टाकत नाही.

शिक्षकमित्रहो, हा खेळ दोन तासिकांत बसतो. आकडे बदलून पाहा, तिसऱ्या रंगाचं कार्ड घाला, मुलांना नवे नियम सुचवू द्या. शेवटी बाकाखालची टाकलेली कार्डं मात्र आठवणीने गोळा करा आणि ती कुठं जातात, हे वर्गाला विचारायला विसरू नका. तुमच्या वर्गात काय उत्तरं आली ते जरूर कळवा.